बाजाराच्या बाजूने : प्रस्तावना

तालुक्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीच्या वर्षी टी.वाय.च्या वर्गात भांडवलशाहीची वैशिष्ट्यं फळ्यावर लिहून मी वळलो, तर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी होती. म्हणाली, “सर, खासगी मालमत्ता, नफ्याची प्रेरणा, स्पर्धा... हे सगळं मी पेपरात लिहीन. पण खरं सांगू? मला ही चोरी वाटते.” वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकांवरच्या दोन-तीन माना होकारार्थी हलल्या, त्या मी पाहिल्या.

मला जे येत होतं ते मी केलं. आकडे सांगितले. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलं तर १९९३-९४ साली देशातली ४५.३ टक्के माणसं दारिद्र्यरेषेखाली होती, २०११-१२ साली २१.९ टक्के उरली. अठरा वर्षांत निम्म्याहून कमी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिच्या भावाबद्दल सांगितलं. भाऊ मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यात गेला, आता मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो. दिवसाला ठरावीक ऑर्डरी पूर्ण झाल्या की वर बोनस मिळतो. एक-दोन बाकी राहिल्या की फोन वाजायचा थांबतो, असा त्याचा अनुभव. पावसाळ्यात गाडी घसरून हाताला लागलं, चार दिवस घरी बसला, पाचव्या दिवशी पाहतो तर आयडी बंद. “कुणाला विचारायचं हेच त्याला कळेना, सर. त्या ॲपमध्ये माणूसच नाही.”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे पुस्तक त्या उत्तराच्या शोधात लिहिलं आहे. बाजारव्यवस्था ही गरिबाच्या, तरुणाच्या, नाव नसलेल्या माणसाच्या बाजूची व्यवस्था आहे असं मी मनापासून मानतो. पण तसं मानणाऱ्या आम्हा लोकांनी ती बाजू इतक्या वाईट रीतीने मांडली आहे, की ऐकणाऱ्याला ती शेठजींची वकिली वाटते. यात दोष ऐकणाऱ्याचा नाही.

आधी भाषेकडेच पाहा. ‘भांडवल’ हा आपल्याकडे किती साधा, कष्टाचा शब्द आहे. भाजी विकणाऱ्या बाईचं भांडवल म्हणजे सकाळी पाटी भरायला लागणारे पाचशे रुपये. पण कुणाच्या दुःखाचा गैरफायदा घेतला की आपण म्हणतो, त्याने त्या दुःखाचं भांडवल केलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली की बाजार मांडला. हलक्या प्रतीचं ते बाजारू. कशाचीही विटंबना झाली की त्याचा धंदा केला, दुकान मांडलं. एवढ्या शिव्या सोसणाऱ्या शब्दांना ‘शाही’ जोडली की हुकूमशाही, नोकरशाही, झुंडशाही यांच्याच रांगेत भांडवलशाही जाऊन बसते. लोकशाहीतही तीच शाही आहे खरी, पण ती आठवत नाही. शेतीला उत्तम, व्यापाराला मध्यम आणि चाकरीला कनिष्ठ म्हणणारी म्हण आपण अजून सांगतो आणि मुलाने चाकरीचीच परीक्षा द्यावी म्हणून जमीन विकतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून फिरून या. महिन्याचं भाडं भरून मिळालेल्या दोन फुटांच्या टेबलावर चार-चार, पाच-पाच वर्षं वाकून बसलेली ती मुलं आळशी नाहीत. एवढी चिकाटी मी कुठल्या उद्योजकातही पाहिलेली नाही. मेहनतीचं फळ हमखास देणारं एकच ठिकाण उरलंय आणि ते सरकारी आहे, असा त्यांचा हिशेब आहे. तो का झाला, ते आधी समजून घेतलं पाहिजे.

आमची पिढी या मुलांना चेतकची गोष्ट सांगते. स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. नंबर लागला की दुप्पट भावाने ‘ऑन’ घेऊन विकणारेही होते. आकुर्डीच्या कारखान्याला जास्त स्कूटर बनवता येत नव्हत्या असं नाही, परवान्यात लिहिलेल्या आकड्याच्या वर बनवणं हा गुन्हा होता. १९९१ साली साडेचौऱ्याऐंशी कोटींच्या या देशात टेलिफोन होते सुमारे पन्नास लाख. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनं गहाण पडलं आणि २४ जुलैला नरसिंह राव सरकारने बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द केले. हे सगळं खरं आहे आणि मी ते अनुभवलेलं आहे. पण विशीतल्या मुलाला ते आजोबांनी सांगितलेल्या दुष्काळासारखं ऐकू येतं. त्याच्या हातात फोन पहिल्यापासून आहे. त्याला जे मिळालेलं नाही ते वेगळंच आहे: परवडणारं घर, टिकणारं काम, ओळखीशिवाय उघडणारं दार.

तिकडे अमेरिकेत ही नाराजी २००८ च्या पडझडीनंतर उघड झाली. घरं गेली सामान्यांची आणि सरकारी पैशाने वाचल्या बँका. २०१८ च्या गॅलप पाहणीत अठरा ते एकोणतीस वयोगटातल्या अमेरिकनांपैकी ४५ टक्क्यांनीच भांडवलशाहीबद्दल चांगलं मत दिलं, समाजवादाबद्दल ५१ टक्क्यांनी. त्या मुलांची कारणं त्यांची. आपल्या मुलांची कारणं आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच रस्त्यावर आहेत, म्हणून मी इथेच थांबून बोलणार आहे.

महाराष्ट्रातल्या तरुणाला ‘भांडवलदार’ म्हटलं की कोण दिसतं? साखरसम्राट दिसतो. शिक्षणसम्राट दिसतो. बिल्डर दिसतो. हे तिघे बाजारातून वर आलेत का, एवढं एकदा तपासू या.

आपल्या राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर ठेवावं लागतं. म्हणजे एक कारखाना उभा राहिला की त्याच्या भोवती दुसऱ्याला बंदी. पूर्वी तर झोनबंदी होती: तुझं शेत या कारखान्याच्या हद्दीत, तुझा ऊस त्यालाच, भाव तो देईल तो. ज्याला दुसरा गिऱ्हाईक शोधायची मुभा नाही असा शेतकरी आणि ज्याला प्रतिस्पर्धी नाही असा कारखाना, या जोडीला स्पर्धा म्हणत नाहीत. जहागीर म्हणतात.

शिक्षणाचं पाहा. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. ती मिळाली कुणाला? ज्यांचा मंत्रालयात वावर होता त्यांना. संस्था कागदोपत्री धर्मादाय, नफा काढायला कायद्याने मनाई आणि डोनेशन घेऊ नये म्हणून १९८७ चा वेगळा कायदा. तरी डोनेशन घेतलं गेलं आणि ते कुणी दिलं हे या राज्यातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराला माहीत आहे. उघडपणे कॉलेज काढून, फी सांगून, चांगलं शिकवून नफा कमावणाऱ्याला बंदी आणि धर्मादायाच्या आडून घेणाऱ्याला मान, अशी ही रचना. मुलीच्या फीसाठी दोन एकर विकणाऱ्या बापाने या सगळ्याला बाजार म्हटलं तर त्याला दुरुस्त करायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? पण दुरुस्त करायला हवं, कारण चुकीच्या नावामुळे उपायही चुकीचा सुचतो.

आणि मुंबईतल्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. सुमारे अडीच लाख माणसं त्यात होती. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना तिचे तीन वाटे करायचे असं ठरलं होतं: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमाची शब्दरचना बदलली. वाटणी करायची ती आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच, इमारती पाडून मोकळी होईल तिची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ते वैध ठरवलं. परळ-लालबागच्या ज्या मुलाच्या आजोबांनी तिथे साचे चालवले, तो आज त्याच जागेवरच्या मॉलमध्ये सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. त्याला बाजाराबद्दल प्रेम वाटावं अशी अपेक्षा मी करत नाही. मात्र एक वाक्य बदलून शेकडो कोटींची जमीन इकडची तिकडे झाली ती सरकारी कागदावर, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

घराचंही तसंच. १९४७ चं भाडे नियंत्रण आलं, तेव्हा भाड्याने देण्यासाठी घर बांधणं आतबट्ट्याचं झालं. १९७६ च्या कमाल नागरी जमीन कायद्याने मोकळ्या जमिनी तीस वर्षं कोर्टाच्या तारखांमध्ये अडकवल्या. तो कायदा महाराष्ट्रात रद्द झाला २००७ साली. १९९१ च्या नियमावलीने मुंबई शहरात चटईक्षेत्र दिलं १.३३ आणि उपनगरात १. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या शहराला वर वाढायलाही मनाई आणि ज्याला वाढायचं असेल त्याने प्रत्येक मजल्यासाठी कुणाकडे तरी जायचं. ज्या धंद्यात परवानगी मिळवणं हेच मुख्य कौशल्य, त्या धंद्यात परवानगी मिळवण्यात तरबेज असलेलेच मोठे होणार.

नंतर हे सगळं मी वर्गात मांडलं, तेव्हा इथपर्यंत माझं म्हणणं त्या मुलीला बरंचसं पटलं होतं. “म्हणजे हे बंद दारामागचे श्रीमंत,” ती म्हणाली. “पण माझा भाऊ? त्याच्या धंद्यात कुठलं लायसन आलं?”

बरोबर प्रश्न. आणि इथे बाजाराच्या कैवाऱ्यांनी ओढूनताणून सरकारवर बोट ठेवू नये. तिच्या भावाच्या बाबतीत बाजार मोकळाच होता आणि तरी त्याच्यावर अन्याय झाला. करार एकतर्फी, हिशेबाचं सूत्र एकालाच माहीत, दाद मागायला जागा नाही. बाजाराला कराराचा कायदा लागतो, तक्रार ऐकणारं कोर्ट लागतं, अपघाताचा विमा लागतो. या गोष्टी आपोआप उगवत नाहीत. ‘गिग कामगार’ हा शब्दच देशाच्या कायद्यात आला तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणि ती संहिता अंमलात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. या मुलांच्या मागण्यांना ‘फुकटेपणा’ म्हणणारे लोक बाजाराचे मित्र नाहीत. मी स्वतः त्या मागण्यांच्या बाजूने आहे. फक्त एक गोष्ट मी तिला विचारली: भावाला उद्या कंपनी सोडायची असेल तर? म्हणाली, दुसरं ॲप आहे, तो दोन्ही चालू ठेवतो. आणि दुसरं नसतं तर? ती थोडा वेळ गप्प राहिली. त्या गप्प बसण्यात मला वाट दिसली. दुसऱ्या दिवशी मी घरून एक कागद घेऊन गेलो.

तो कागद माझ्या वडिलांच्या ट्रंकेत होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. मार्च १९८४. शहरातल्या एका आडत्याने टपालाने पाठवलेली कांद्याची पट्टी. वर गणपतीचं चित्र, खाली जांभळ्या शाईने भरलेले रकाने. बावीस गोण्या, वजन, भाव, एकूण रक्कम. त्याखाली वजावट: मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई, आडत, टपालखर्च. वजावटीची बेरीज विक्रीच्या रकमेपेक्षा जास्त भरली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: तुमच्याकडून येणे रु. ११.४०. कांद्याच्या भागात याला उलटी पट्टी म्हणतात. चार महिने पीक वाढवायचं, काढायचं, निवडायचं, गोण्या शिवायच्या, गाडी भरून द्यायची आणि वर आपणच पैसे द्यायचे. त्या पट्टीला टाचणीने मनीऑर्डरची पावती लावलेली आहे. वडिलांनी ते अकरा रुपये चाळीस पैसे पाठवले होते.

वर्गात तो कागद हातोहात फिरला. पोरं कांद्याच्याच घरची, त्यांना रकाने समजावून सांगावे लागले नाहीत. एकाने विचारलं, “सर, पण लुटलं ते आडत्याने. आडत्या तर खासगीच ना?”

खासगीच. पण माल त्या आवारातच विकला पाहिजे असं सांगणारा कायदा १९६३ चा आहे, राज्य सरकारचा. त्या आवारात व्यापार करायला परवाना लागतो, गाळा लागतो आणि दोन्ही मोजके. नवा माणूस येऊन ‘मी कमी आडत घेतो, माल मला द्या’ असं म्हणू शकत नाही. बाजार समिती मुळात शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायला काढली होती, हेतू चांगला होता. पण दार एकच ठेवलं की दारावर उभा राहणारा कुणीही असो, तो मालकच होतो. फळं-भाजीपाल्याला त्या आवाराबाहेर विकायची मोकळीक महाराष्ट्रात २०१६ साली मिळाली. मधली त्रेपन्न वर्षं कुणी मोजायची?

त्या मुलीने विचारलं, “तुमच्या वडिलांनी पैसे का पाठवले? नसते पाठवले तर?”

मी लहानपणी हेच विचारलं होतं. वडील म्हणाले होते, पुढल्या वर्षी माल त्याच्याकडेच पाठवायचाय.

बाजाराबद्दल मी आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांत या उत्तराइतकं नेमकं काही मला सापडलेलं नाही. ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याला कुणी अशी पट्टी पाठवायला धजत नाही. तिच्या भावाचं दुसरं ॲप आणि माझ्या वडिलांना नसलेला दुसरा आडत्या, यांच्यामध्ये बाजाराची सगळी नैतिक बाजू उभी आहे.

मराठीत ही बाजू सगळ्यात ताकदीने मांडली ती कारखानदारांनी नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नची, जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून १९७७ साली परत आलेल्या शरद जोशींनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पिकं काढली, वहीत जमाखर्च मांडला. शेतकरी अडाणी म्हणून गरीब नाही, आळशी म्हणून नाही, लग्नात उधळतो म्हणूनही नाही, त्याच्या मालाचा भाव धोरण म्हणून पाडला जातो म्हणून तो गरीब आहे, हे त्या वहीतून निघालं. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली. तिची मागणी अनुदानाची नव्हती. भीक नको, घामाचे दाम द्या, एवढंच. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखांनी बाया जमल्या, त्यांत माझी आई होती. तिने बाजारपेठ हा शब्द भाषणात ऐकला असेल, अर्थ तिला उलट्या पट्टीने आधीच शिकवला होता. विदर्भ-मराठवाड्यात कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ पासून जवळपास तीन दशकं चालली. स्वतःचा कापूस शेजारच्या राज्यात चांगला भाव आहे म्हणून नेणारा शेतकरी तस्कर ठरायचा. गावाला खुल्या बाजाराची ओढ कशी लागली हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने त्या सीमेवरच्या नाक्यांची आठवण काढावी.

ते जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात बंद. २०२३ च्या ऑगस्टात चाळीस टक्के निर्यातशुल्क, त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. लासलगावचा भाव चढला की दिल्लीला जाग येते. भाव पडतो तेव्हा? २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणणाऱ्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात सगळी कपात होऊन दोन रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. माझ्या वडिलांची पट्टी आणि हा धनादेश यांच्यामध्ये एकोणचाळीस वर्षं आहेत.

त्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक घराला डिसेंबर २०२३ ची झळ लागलेली होती. ‘मुक्त व्यापार’ हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, कुणी वहीतून मान वर केली नव्हती. त्या दिवशी सगळे एकदम बोलायला लागले. ट्रॅक्टर भरून उभा होता आणि रात्रीत भाव निम्म्यावर आला, चाळीतला कांदा सडला, बहिणीचं लग्न पुढे ढकललं. अर्थशास्त्र शिकवायची सुरुवात मी इथून करायला हवी होती. एकतीस वर्षं मी ती इंग्लंडच्या सुती गिरण्यांपासून केली.

जातीचा प्रश्न या पुस्तकात एका प्रकरणात मावणारा नाही, पण तो टाळून महाराष्ट्रात भांडवलशाहीवर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. जोतीराव फुले कंत्राटदार होते, व्यापारी होते. समाजाने ज्याला दाबून ठेवलं, त्याला स्वतःच्या कमाईचा पैसा किती मोकळं करतो हे त्यांना आपल्या आयुष्यातून माहीत होतं. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर लिहिलं ते एका काटेकोर अर्थतज्ज्ञाचं काम आहे. पण १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतीही राज्याच्या मालकीची असावी असं मागितलं. बाजारवादी लेखक पहिलं सांगतात, दुसरं वगळतात. मी वगळणार नाही. जिथे जमीन, पाणी, पत, ओळख सगळं आधीच वाटून संपलंय तिथे ‘मोकळी स्पर्धा’ म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अजून उभा आहे. भाड्याने खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारलं जातं, ते सरकारी आदेशाने नव्हे. तरीही २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांनी ‘डिक्की’ ही आपली स्वतंत्र चेंबर काढली, नोकरी मागणारे नव्हे तर नोकरी देणारे होऊ या म्हणून, ही घटना मला फार मोलाची वाटते. नोटेला विटाळ होत नाही. माणसाला होतो असं मानणाऱ्या गावात ही छोटी गोष्ट नव्हे.

आता, वाद घालायचा कसा? मला उमगलेलं एवढंच, की श्रीमंतांपासून सुरुवात करायची नाही. अमुक उद्योगपतीने किती संपत्ती निर्माण केली हे तरुणाला सांगू नये. त्याला त्या माणसाशी काही देणं-घेणं नाही आणि बऱ्याचदा त्याचा संशय रास्तही असतो. ॲडम स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्र शिकवत होता. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने ईस्ट इंडिया कंपनीला झोडपलं आहे आणि एका धंद्यातले व्यापारी एकत्र जमले की गिऱ्हाइकाविरुद्ध काहीतरी शिजतं अशी धोक्याची सूचना दिली आहे. धंदेवाल्यांची बाजू घेणं आणि बाजाराची बाजू घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्याला ठाऊक होतं. कर्ज बुडवणाऱ्या उद्योगाला सरकारी बँकेने पुन्हा कर्ज दिलं की पहिला आवाज बाजारवाद्यांनी उठवायला हवा. आपण तेव्हा गप्प बसतो. मग पोरं आपलं बाकीचं का ऐकतील?

नफ्याचं समर्थन करायचं तर मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर सांगतो. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. नांगर दोन वर्षं तसेच पडून राहिले. लक्ष्मणरावांकडे कुणावर सक्ती करायची सत्ता नव्हती. शेतकऱ्याला पटेपर्यंत वाट पाहायची, नांगर आणखी सुधारायचा, पुन्हा त्याच्या बांधावर जायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. पुढे १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर, निवडुंग आणि सापांच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्या नांगरावर. ‘नको’ म्हणणारा शेतकरी आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत दारात थांबलेला कारखानदार, हे चित्र मुलांना लगेच कळतं. सत्तेच्या दारात कोण कुणासाठी थांबतं, ते त्यांनी तहसील कचेरीत पाहिलेलंच असतं.

या पुस्तकाची प्रकरणं म्हणूनच मी विषयांनी पाडलेली नाहीत, प्रश्नांनी पाडली आहेत आणि प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत. घर इतकं महाग का. फी कोण ठरवतं. कांद्यावर बंदी का. फेरीवाल्याला हप्ता का द्यावा लागतो. नोकरी देणारा लहान कारखाना मोठा का होत नाही. यंत्र माझं काम खाईल का. काही उत्तरांबद्दल माझी खात्री आहे, काहींबद्दल कमी, आणि तसं त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे.

त्या मुलीने पूर्ण हस्तलिखित वाचलं. ती आता नाशिकला एका सीएकडे काम करते, शनिवारी गावी येते. शिसपेन्सिलीने तिने समासात लिहिलेलं मी जवळजवळ सगळं विचारात घेतलं, तीन ठिकाणी आकडे दुरुस्त केले, एक प्रकरण नव्याने लिहिलं. डिलिव्हरीच्या कामावरच्या सातव्या प्रकरणाखाली मात्र तिने ‘पटलं नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आम्ही दोन शनिवार त्यावर बोललो. ती मागे हटली नाही आणि मीही नाही. तेव्हा ठरलं, की तिचं म्हणणं तिनेच लिहायचं. त्या प्रकरणाच्या आधी तिची पाच पानं आहेत. वाचकांनी ती आधी वाचावीत.